डाव्या हाताचा उजेड

"ये नंदी ह नीला काबर हे, भइया?"

शेजारच्या छत्तीसगढी गयाबाईनं तारेच्या कुंपणापलीकडून, नंदी निळा का, हे विचारलं ते अगदी सहज, दातवणाची काडी गालात सरकवून, जसं कुणी विचारावं की आज भाजी कशाची. कवडू वाढई भिलाईच्या कारखान्यानं दिलेल्या क्वार्टरच्या ओट्यावर उकिडवा बसून समोरच्या लाकडी बैलाकडे पाहत होता. शिवणीच्या लाकडाचा, वीतभर उंचीचा, चाकांच्या पाटीवर उभा, वशिंड डौलानं मागं कललेलं. काल संध्याकाळी सफेद्याचा शेवटचा हात दिला होता, रंग वाळला का ते बघायला सकाळी बाहेर आणला होता. वाळला होता. छान वाळला होता. आणि पांढराशुभ्र होता, धानाच्या बांधीत उतरलेल्या बगळ्यासारखा. कवडूला आधी वाटलं, बाई मस्करी करते आहे. त्यानं मान वर करून पाहिलं तर तिच्या तोंडावर मस्करीचा मागमूस नव्हता, नुसतं कुतूहल होतं. त्यानं पुन्हा बैलाकडे पाहिलं. पाठ पाहिली, पोट पाहिलं, कानामागं पाहिलं. निळं कुठंच नव्हतं. आणि मग त्याचं तोंड त्याच्या आधी बोलून गेलं, "हां, हो गया थोडा नीला. बल्ब का उजाला पिवला रहता ना, गयाबाई. शाम को नील का अंदाजच नहीं आता." गयाबाई हसली. "हमर डहर तो माटी के नंदिया बनाथें. गेरू पोत दे, हो गे," असं म्हणून चूळ भरायला आत गेली. तिच्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपली.

कवडूनं बैलावर दुपट्टा टाकला आणि त्याला घरात नेलं, जसं कुणी आजारी माणसाला उन्हातून आत न्यावं. बैल निळा झाला याची भीती नव्हती त्याला. बैल काय, पुन्हा रंगवता येतो. जे निळं त्याला दिसलंच नाही त्याची कबुली त्यानं देऊन टाकली होती, आणि वर बिचाऱ्या बल्बला चोर ठरवलं होतं. खोटं बोलायला माणूस एरवी वेळ घेतो, जुळवाजुळव करतो. हे खोटं तर जणू तोंडात तयारच होतं, कैक दिवस वाट पाहत बसल्यासारखं. म्हणजे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं की काय? छे, काहीतरीच! बल्ब पिवळा असतोच. सगळ्या भिलाईला विचारा, बल्ब पिवळाच असतो.

पांढरा रंग आपसूक पांढरा नसतो, हे धुणं धुणाऱ्या बाईला कळतं आणि नंदी रंगवणाऱ्याला कळतं. नुसता सफेदा सरसात कालवला तर तो सायीसारखा पिवळट दिसतो, म्हातारा दिसतो. त्यात नीळ पडली की तो जागा होतो. पण नीळ किती, ते कुणी कुणाला शिकवू शकत नाही. सफेदा ताजा की शिळा, सरस पातळ की दाट, हवा कोरडी की ओली, त्यावर ते ठरतं. आणि ठरवतो तो डोळा. कवडूचा बाप धोंडबा पवनीकडच्या त्यांच्या गावात पोळ्याच्या आधी महिनाभर तेवढंच काम करायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा पोळा. गल्लीगल्लीतून पोरं आपापले लाकडी बैल ओढत मारुतीच्या पाराशी आणायची, घरोघरी बोजारा, म्हणजे नंदीची ओवाळणी, मागायची, आणि त्या गर्दीत धोंडबाचा बैल लांबून ओळखू यायचा तो त्याच्या पांढऱ्या रंगावरून. मग एका वर्षी त्याचे सगळे बैल निळे निघाले. कवडूचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्याला तो रंग आजही जसाच्या तसा आठवतो: जांभळाचा डाग धुतल्यावर कापडावर जे उरतं, तो निळा. लोक हसले. "धोंडबा, बैलानं जांभळं खाल्ली काय गा?" आणि बाप पाराशी उभा राहून सगळ्यांना शिव्या घालत होता, "डोळे फुटले काय तुमचे? पांढरासफेत हाय माहा बैल!" तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसाच दिसत होता. पुढच्या पोळ्याला त्यानं लाकूड तासायचा वाकस हातात धरला नाही. त्याच्या पुढच्या पोळ्याआधी पवनीच्या बाजारात एक फिरता वैदू आला, त्यानं सुईनं डोळ्यातला मोतीबिंदूचा पडदा सारतो म्हणून सांगितलं, सारलाही, आणि मग तो डोळा नासला. दुसऱ्याला हात लावू द्यायची बापाची छाती झाली नाही. उरलेलं आयुष्य तो दाराशी बसून राहिला. सकाळ झाली की विचारायचा, "कवडू, उजेड झाला काय रे?"

तर असं होतं. बापाचा पहिला निळा बैल निघाला तेव्हा बाप ज्या वयाचा होता, तेच वय आता कवडूचं होतं. तोंडानं त्यानं हे कुणाला सांगितलं नसतं, स्वतःलाही नाही. त्यानं फक्त चुलीशी बसलेल्या हिराला सांगितलं, "बल्ब बदलवा लागते." हिरानं तव्यावरची भाकर उलटली. तिची नजर दुपट्ट्याखालच्या बैलाकडे गेली नाही, आणि हे कवडूच्या लक्षात आलं. नवऱ्यानं पुरा महिना खपून केलेली वस्तू घरात येते आणि बायको तिच्याकडे बघतसुद्धा नाही! "बदला," ती म्हणाली. एवढंच. लेक तुमसरला दिल्यापासून घरात बोलणं तसंही कमीच झालं होतं.

गल्लीच्या टोकाला तेजराम राहायचा, गोंदियाकडचा, कारखान्यात वायरमन. आपल्या लोकांत बसलं की मराठी बोलायचा आणि मध्येच हिंदीत घसरायचा. औंदा सेक्टरमधल्या सगळ्या नागपूरकडच्या घरांनी मिळून तान्हा पोळा भरवायचा ठरवला होता, त्यात त्याचाच पुढाकार. कवडू दर साली गल्लीतल्या लेकरांपुरते नंदी करायचाच, म्हणून सगळ्यांचे नंदी करायचं काम त्यानं कवडूच्याच गळ्यात घातलं होतं. उजेडाचं गाऱ्हाणं ऐकून तो आला, छताच्या मधोमध लोंबणारा बल्ब पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "कवडूभाऊ, तुमचं टकुरंच तर सावली पाडून राहिलं कामावर! ऐसा कैसा चलेगा?" खरंच होतं ते. इतकी वर्षं कवडू त्या बल्बाखाली मान घालून कोरत होता, म्हणजे स्वतःच्याच डोक्याच्या सावलीत कोरत होता. तेजरामनं वायर लांबवली, डालड्याचा रिकामा डबा उभा कापून त्याची बल्बावर झाकायची पाखर केली, आतून तिला सफेदा फासायला सांगितला आणि बल्ब खाली, कामाच्या उंचीला, डाव्या अंगाला बसवून दिला. बटण दाबलं, आणि कवडूच्या तोंडून "अरे बाप्पा!" निघून गेलं.

दुसऱ्या बैलाचं नुसतं कोरीव काम झालं होतं, रंग नव्हता. त्याच्या मानेखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घड्या त्या आडव्या उजेडात अशा उठल्या की बैल मान हलवील असं वाटावं. प्रत्येक घडीला आपली सावली मिळाली. जिथं पटाशी घसरली होती तिथं ती घसर दिसली, जिथं धार मोडली होती तिथं रेघ दिसली. कवडू जेवायचं विसरून गोल पटाशी घेऊन बसला. कोरताना उजेड डोक्यावरून नाही, बाजूनं यावा लागतो, आणि उजव्या हाताचा माणूस असेल तर डावीकडून, म्हणजे आपल्याच हाताची सावली पात्याच्या टोकावर पडत नाही. हे त्याला नवं नव्हतं. गावच्या घरात बाप नेमका ओसरीच्या दाराशी बसायचा, दार डाव्या हाताला घेऊन. कुणी दारात उभं राहिलं की न बघता म्हणायचा, "सरक, उजेड खाऊन राहिला." एवढं साधं ज्ञान आपण या क्वार्टरात येताना कुठं सांडलं? इथं भिंतीत बटण होतं, छतात बल्ब होता, आणि सरकारनं दिलेला उजेड जिथं दिला तिथंच वापरायचा असतो असं तो मुकाट्यानं धरून चालला होता. त्याला आपलंच हसू आलं. हात तर शाबूत आहे! ही घडी बघा, हा खूर बघा. ज्याचे डोळे चालले तो माणूस हे कोरील का? त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला आणि हिराला म्हणाला, "पाहाय कसा झाला." हिरानं हात पुसून बैलाच्या पाठीवरून बोटं फिरवली. "लई गोड झाला," म्हणाली, आणि तिच्या आवाजात एवढी सुटका होती की कवडूला नवल वाटलं.

पण कोरणं वेगळं आणि रंगवणं वेगळं. कोरायला सावली लागते. रंगवायला सावली चालत नाही. डब्याच्या पाखरीतला तोच उजेड, पण रंग लावायला बसलं की बैलाचं एक अंग लोण्यासारखं आणि दुसरं राखेसारखं. त्यात नीळ कुठं बघायची? कवडूनं अंदाजानं टाकली. सकाळी ओट्यावर बैल ठेवून तो आत गेला आणि खिडकीच्या फटीतून गयाबाईच्या अंगणाकडे बघत उभा राहिला. बैलाकडे त्यानं पाहिलंच नाही, त्याला माहीत होतं की आपल्याला तो पांढराच दिसणार. त्याला तोंडं बघायची होती. गयाबाई सडा घालायला आली. थांबली. बैलाकडे पाहिलं. काही बोलली नाही, मान वळवली आणि शेणाची बादली घेऊन पुढं गेली. मागच्या वेळी तिनं विचारलं होतं, ते किती बरं होतं! माणूस विचारतो तोवर ठीक असतं. न विचारता मान वळवायला लागला की समजावं, आपल्याबद्दल त्याचं काहीतरी मत झालं आहे.

कारखान्यात कवडू होता पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, त्यावर ढलाईवाले वाळूचा साचा घेत. त्या शॉपचा उजेड सगळ्या कारखान्यात त्याला आवडायचा. छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि प्रत्येक दाताच्या उत्तरेच्या अंगाला काचा. ऊन आत येत नाही पण आभाळ येतं. सकाळपासून पाळी सुटेपर्यंत एकसारखा, शांत, कुणाची बाजू न घेणारा उजेड. त्या उजेडात त्यानं आता स्वतःची परीक्षा सुरू केली. नमुन्याच्या कुठल्या अंगाला कुठला रंग, त्याचा कायदा ठरलेला होता. ओतल्यावर जे अंग घासायचं ते पिवळं, आणि असंच पुढं. चुकीच्या अंगाला चुकीचा रंग गेला तर ढलाईत सगळा माल वाया. कवडू डबा उघडण्याआधी सोबत्याला सहज विचारू लागला, "पिवला यही है ना?" सोबती म्हणायचा, "और कौनसा होगा, दादा?" पिवळा त्याला दिसत होता की. चांगला ढळढळीत दिसत होता. भीती वेगळीच होती. जे पिवळं नाही तेही पिवळं दिसतंय का, हे कसं ओळखायचं? पिकल्या पानासारखा पिवळेपणा जर डोळ्यावरच चढला असेल तर तो सगळ्यावरच असणार. आभाळावर, चुन्याच्या भिंतीवर, भातावर, हिराच्या चेहऱ्यावर. आणि सगळ्यावर असलेली गोष्ट माणसाला दिसत नाही. सायकलवरून घरी येताना तो रस्त्यातलं जे जे पांढरं दिसेल त्याला निरखायचा: एखाद्याचा सदरा, मैलाचा दगड, रशियन साहेबांच्या बायकांच्या टोप्या, रेल्वे फाटकाची पट्टी. सगळं पांढरंच होतं. पण पांढरं म्हणजे काय, तेच जर आपण हळूहळू विसरलो असू तर?

असं डोक्यात फिरायला लागलं की तो जोरानं पायडल मारायचा आणि स्वतःलाच सांगायचा, लेका, बल्ब. बल्बचं बघ आधी. म्हणून पगार झाल्यावर रविवारी तो तेजरामला घेऊन दुर्गच्या बाजारात गेला आणि ट्यूबलाइट घेऊन आला. दुकानदारानं ती पेटवून दाखवली तेव्हा कवडू तिच्याखाली आपला सदरा धरून बघत राहिला, आणि तेजराम दुकानदाराला डोळा मारून म्हणाला, "सदरा नाही, शेठ, ये आदमी उजाला नापता है." घरी लांब नळी भिंतीवर बसली. फडफडली, गुणगुणली आणि मग एकदम पेटली. खोलीतल्या सगळ्या सावल्या पळाल्या. कवडूनं कोरलेला बैल तिच्याखाली ठेवला आणि त्याचं मन खट्टू झालं. घड्या गेल्या, वशिंड सपाट झालं, डोळ्याच्या खोबणीत खोलीच उरली नाही. जिवंत जनावराचं पुठ्ठ्याचं चित्र झालं. बरं, कोरायला डब्याचा दिवा आहेच. ही रंगासाठी. त्यानं सफेदा कालवला, नीळ सोडली. पांढऱ्या नळीच्या उजेडात तरी आता चूक व्हायला नको. वाटीतला रंग त्याला अजून सायीसारखा वाटला. थोडी सोडली. अजून थोडी. मग कुठं तो बगळ्याच्या पांढऱ्यावर आला. हिरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत होती. नीळ पडताना प्रत्येक वेळी तिचा हात सुपात थांबत होता. कवडूला ते दिसलं. म्हणजे बघा, डोळे चांगलेच आहेत, इतक्या लांबून बोटं थांबलेली दिसतात! हे त्याला तेव्हा खरोखर सुचलं, आणि त्यानं थोडा धीरही धरला.

सकाळी तेजराम दुधाची बरणी घेऊन चालला होता. कवडूनं मुद्दाम हाक मारून त्याला बैल दाखवला. तेजराम हुशार माणूस, पण तोंडाला कुलूप नाही. "काय दिवे लावले हो, कवडूभाऊ! दोन दोन दिवे लावले अन् नंदी आसमानी!" मग कवडूचं तोंड पाहून जरा नरमला आणि म्हणाला, गणपतीच्या मंडळातून पेट्रोमॅक्स आणू का, त्याचा उजेड पांढरा असतो. कवडू म्हणाला, "आन." मग काचेचा कंदीलही बघू. मग ट्यूब उलट्या भिंतीला लावून बघू. मग बल्ब आणि ट्यूब दोन्ही मिळून बघू, पिवळं-पांढरं एकमेकांत मिसळलं म्हणजे बरोबर पडेल. तेजराम ऐकत राहिला आणि शेवटी हसत, वाईट मनानं नव्हे, म्हणाला, "नाचता येईना, आंगन वाकडं." झालं! कवडूच्या डोक्यात तिडीक गेली. "निंग येथून! मले शिकवतं का? माह्या बापानं जिंदगी घातली नंदी करण्यात, तू काल वायरी जोडाले शिकला!" गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. तेजराम बरणी घेऊन निमूट निघून गेला. कवडू ओट्यावर एकटा उभा राहिला आणि त्याला लख्ख ऐकू आलं की हा आवाज आपला नाही. पाराशी उभं राहून लोकांना शिव्या घालणाऱ्या माणसाचा आहे.

त्या दिवसापासून त्यानं बैल ओट्यावर ठेवणं बंद केलं. दिवे मात्र वाढले. खोलीत वायरींचं जाळं झालं. बल्ब, ट्यूब, कोपऱ्यात पेट्रोमॅक्स, खिळ्याला कंदील. कामावरून आला की तो एकेक पेटवायचा, वाटीतला तोच रंग या उजेडात धरायचा, त्या उजेडात धरायचा. पोळा आठवड्यावर आला आणि एकही नंदी पांढरा नव्हता. हिरानं बरेच दिवस काही म्हटलं नाही. मग एका संध्याकाळी तो कंदिलाची काच पुसत असताना ती म्हणाली, "अवो, आयतवारी आंगनात बसाना. येवढा उजेड हाय, फुकटचा. उजेड का इकत आनावा लागते?"

कवडूचा हात काचेवर थांबला. इतक्या दिवसांत ही गोष्ट त्याच्या मनात आलीच नव्हती असं कुणी समजू नये. रोज येत होती. अंगणातला दिवस, वर मोकळं आभाळ, त्याहून चांगला उजेड कुठल्या दुकानात मिळत नाही, हे वाढयाच्या, सुताराच्या पोराला सांगावं लागत नाही. पण दिव्यांचं एक बरं असतं. बल्ब पिवळा म्हणता येतो, ट्यूब थंड म्हणता येते, पेट्रोमॅक्सची जाळी जुनी म्हणता येते. दिवसाच्या उजेडाला काय म्हणणार? तिथं चुकलं तर मग चुकलेलं एकच उरतं. "पाऊस हाय," तो म्हणाला. "आयतवारी उघडीप राहील," हिरा म्हणाली, "अन् नाई उघडलं त ओसरीत बसा." तिनं त्याच्या हातातली काच घेतली आणि स्वतः पुसायला लागली. तिला कळलं आहे, असं त्याला त्या क्षणी वाटलं. मग वाटलं, नाही, बाईमाणसाचं साधं बोलणं आहे. त्याच्या घराण्यात बायका रंगाच्या वाटीला हात लावत नसत. नंदी पुजायचा असतो, त्याचा रंग पुरुषानं आंघोळ करून लावायचा, अशी चाल. हिरानं कधी वाटी उचललीसुद्धा नव्हती. तिला नीळ काय कळणार.

रविवारी उघडीप झाली. धुतलेलं आभाळ, मऊ ऊन. हिरानंच ओट्यापुढं गोणपाट अंथरलं, पाट ठेवला, वाटी ठेवली, आणि कवडू आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आला तेव्हा त्याला पळून जावंसं वाटलं. खरोखर! सायकल काढावी आणि नंदिनीच्या खाणींच्या रस्त्यानं जाता येईल तितकं जावं. पण तो बसला. डाव्या हाताला ऊन घेऊन बसला, सवयीनं. सफेदा घोटला, सरस ओतला. कुंचल्यानं एक रेघ पाटावर ओढून पाहिली. पिवळट. त्यानं निळीची पुडी उघडली. चिमूट सोडली, ढवळली, रेघ ओढली. पिवळट. पुन्हा चिमूट, पुन्हा रेघ. हिरा त्याच्या शेजारी येऊन बसली होती, कधी नव्हे ती. त्यानं तिसऱ्यांदा पुडीत बोटं घातली तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. "बस झालं."

"अजून पिवळा हाय."

"पांढरा झाला कवाचाच. आता निळा होईल."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती वाटीकडे बघत होती. खालच्या आवाजात, एखाद्यानं चोरी कबूल करावी तशी ती म्हणाली, "गेल्या साली बी निळेच केलते तुमी. सगळेच्या सगळे. तुमची दुपारची पाळी होती. तुमी गेल्यावर म्या एकेक हात मारला वरतून. बिना निळीचा. औंदा बी मारनार होती, पन तुमी पहिलाच बैल सकाळी उठून ओट्यावर नेला अन् गयाबाईनं पायला."

आता कवडूला आठवलं. गेल्या पोळ्याच्या सकाळी बैल लेकरांच्या हाती देताना ते त्याला जरा पिवळे वाटले होते. सरस जुना असेल म्हणाला होता. लोकांनी तर तोंडभरून वाखाणले होते, आणि तो मिशीला हात लावून उभा होता! म्हणजे ते पांढरेपण हिचं होतं. घराण्याची चाल मोडून, दार लावून, भीत भीत दिलेलं. त्याला राग यायला हवा होता, पण तो बोटांवर महिने मोजू लागला. एक वर्ष झालं होतं. तो आत्ता भीत होता ते होऊन एक वर्ष लोटलं होतं.

"मंग सांगतलं कावून नाई मले?"

"तुमी मले सांगतलं?"

ऊन पाटावर पडलं होतं. पाटावर त्यानं ओढलेल्या रेघा होत्या, आणि त्याला त्या तिन्ही सारख्याच दिसत होत्या, हळदीच्या हातानं ओढल्यासारख्या. हिरा म्हणाली, "इथल्या दवाखान्यात डोळ्याचा डाक्टर हाय म्हंते. शिकेल हाय. तो काई बाजारातला वैदू नोय. मी बी येईन संग." कवडूच्या डोळ्यापुढं ती सुई आली, बापाच्या डोळ्यावर बांधलेलं फडकं आलं, त्या फडक्यातून येणारा वास आला. तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. इतक्या दिवसांचं जे तो बोलला नव्हता ते मात्र आता थांबेना.

"मले पिवळा दिसते, हिरा," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. कुंपणाशी कपडे वाळत घालणारी गयाबाई वळून बघायला लागली, समोरच्या घराचं दार उघडलं, तरी त्यानं आवाज खाली आणला नाही. "सगळं पिवळं दिसते. तो बैल मले निळा दिसलाच नाई. म्या खोटं सांगतलं सगळ्यायले. बल्बचं काईच नोय."

"मालूम हाय," हिरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

कवडूनं निळीची पुडी मिटून तिच्या मांडीवर ठेवली. मग वाटी उचलून तिच्यापुढं सरकवली, आणि कुंचल्याचा दांडा तिच्याकडे केला. "तू लाव. मी धरतो."

हिरानं कुंचल्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. "अवो, लोक पाहून राहिले ना."

"पाहू दे. त्यायले तरी बरोबर दिसते."

तिनं पदर खोचला. कवडूनं बैल दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला, आणि तिनं पहिला हात वशिंडावर दिला.